फसफसलेला सूर्यदेव

मूर्ती खरी की खोटी, हे मी कपातला चहा निवायच्या आत सांगतो! कॉलेजात इतिहास शिकवतो आणि खिशात कायम भिंग बाळगतो. म्हणून तर सोलापुरातले सुताचे व्यापारी सिद्धलिंगप्पा यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्याकडे जुन्या मूर्तींचा संग्रह. त्यात सगळ्यांत लाडकी म्हणजे वळसंगच्या बिभीषणने, त्यांच्या जिवलग मित्राने, भेट दिलेली काळ्या पाषाणाची सूर्यमूर्ती. संध्याकाळी संग्रह बघायला पाहुणे येणार होते, आणि सिद्धलिंगप्पा कढईतल्या शेंगदाण्यासारखे तडतडत होते.

"सर, जुनीच हाय की?"

"लिंबू आणा!" मी फर्मावलं. "अस्सल काळा पाषाण लिंबाला दाद देत नाही. चुना-सिमेंटची नक्कल लगेच फसफसते!"

लिंबू पिळलं आणि सूर्यदेव उतू चाललेल्या दुधासारखे फसफसले!

"नकली!" मी गरजलो.

सिद्धलिंगप्पा मटकन बसले, ताडकन उठले आणि बिभीषणला फोन लावला. "दगड म्हणून सिमेंट दिलास व्हय रे? लाज न्हाय वाटली?"

मग लिंबं घेऊन ते घरभर सुटले. मी मागे! नंदी फसफसला. गणपती फसफसला. शेवटी स्वयंपाकघरातला पाटाही फसफसला!

"सर, माझ्या आईनं जन्मभर चटणी वाटली, त्यो पाटाबी नकली?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई आल्या. "हे काय चाललंय? पावणे येणार म्हणून सकाळीच सगळे दगड खायच्या सोड्यानं घासलेत की मी!"

सोड्यावर लिंबू पडलं की फसफसणारच! मूर्ती धुतली, पुसली, पुन्हा लिंबू पिळलं. सूर्यदेव ढिम्म! आणि दारात मोटारसायकल थांबली. बिभीषण!

"नकली हाय न्हवं? मग द्या माघारी! आमची म्हातारी रोज इचारती, सूर्यदेव कुटं गेला. देऊन लई पस्तावलोय मी!"

"असली हाय! मी न्हाय देत!"

"आन् फोनवर सिमेंट म्हनलासा की!"

दोघांनी दोन बाजूंनी हात धरून ओढायला सुरुवात केली. मूर्तीचे नव्हे, माझे! "सर, खरं काय ते बोला!"

पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली. मी कबूल करून टाकलं, "मूर्ती खरी आहे. तज्ज्ञ खोटा निघाला."

सिद्धलिंगप्पांनी माझा हात सोडला आणि मित्राकडे बघितलं. "म्हातारी रोज इचारती व्हय? आधी सांगायचंस की! उद्या घिऊन जा. आज तेवढी पावण्यांसमोर राहू दे."

बिभीषणचे डोळे भरून आले. दोघांनी कडकडून मिठी मारली. मी चपला शोधायला लागलो, जरा सावकाशच. पण एकानेही, "छे छे सर, असं कसं म्हणता!" म्हटलं नाही हो!