लेन्सचं विरजण

शुक्रवारी सकाळी राजवर्धनचा उजवा डोळा लालभडक झाला, आणि रविवारी जयसिंगपूरचे पाहुणे येणार होते. अमरसिंह आणि त्यांची मुलगी पूर्णिमा. घर आणि मुलगा दोन्ही पहिल्यांदाच बघायला. मुलाचा जाड चष्मा त्यांना दिसता कामा नये, असा त्याच्या आईचा, तानाबाईंचा निश्चय होता. आधीची स्थळं चष्म्यानंच घालवली, हे त्यांचं ठाम मत. लेन्स घेतल्या होत्या त्या त्यासाठीच.

डॉक्टर भैरवींनी यंत्रातून डोळा तपासला. "लेन्सच्या डबीतलं औषध रोज बदलता ना?"

"ते आई बघते."

"बदलायचं कशाला?" तानाबाई म्हणाल्या. "कमी झालं की वरनं नवं घालते की." मंगळवार पेठेत त्यांचं दही नावाजलेलं होतं. "जुनं थोडं ठिवल्याबिगर नवं लागतंय व्हय? विरजणाचं तसंच असतंय."

"मावशी, दह्यात जंतू वाढवायचे असतात. इथं मारायचे असतात." डॉक्टरांचा आवाज चढला नाही. "शिळ्या औषधात जोर उरत नाही. त्यात नवं मिसळलं की तेही वाया. जंतू लेन्सवरून थेट बुबुळावरच्या पडद्यावर गेलेत. उशीर केला असता तर कायमचा डाग पडला असता. थेंब देते, पण मी सांगेपर्यंत लेन्स बंद. चष्मा चालेल."

"चष्मा न्हाय चालायचा," तानाबाई म्हणाल्या.

रविवारी राजवर्धन काळा गॉगल लावून पाहुण्यांसमोर आला. गॉगलला नंबर नव्हता. लाल डोळा झाकला, पण त्याच्यापुरतं बाकीचं जगही झाकलं गेलं. अमरसिंह समजून तो त्यांच्या ड्रायव्हरच्या पाया पडला. मुलाला वळण आहे हे दिसावं म्हणून आईनं हातात दिलेली पोह्यांची बशी त्यानं अदबीनं टीव्हीपुढं धरली.

अमरसिंह पुढं सरकले. "पोराला दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की!" तानाबाई घाईनं म्हणाल्या. "जरा डोळं आल्यात."

अमरसिंह तेवढेच मागं सरकले. "मग काढा गॉगल. लांबनं बघतो."

गॉगल निघाला. डोळा बघून अमरसिंहांच्या भुवया वर गेल्या. "रात्री पीत बसलेलं काय पोरगं?"

"सुपारीसुदिक खात न्हाय त्यो!"

"बाबा, हे ते न्हवंतच," पूर्णिमा मोबाइलकडं बघत म्हणाली. "गणपतमामांनी फोटो पाठवला त्यो मुलगा येगळा हाय."

गणपतराव म्हणजे तानाबाईंचे सख्खे भाऊ. स्थळ त्यांनीच सुचवलं होतं.

"एक दावून दुसरा खपवताय व्हय?" अमरसिंह उठलेच. "चल गं पूर्णिमा."

स्थळ दारातनं चाललं होतं. राजवर्धननं खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. खोली जागेवर आली, आणि दारात उभी असलेली पूर्णिमा त्याला पहिल्यांदा दिसली.

तिनं मोबाइलकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "हेच की! मामांच्या फोटोत चष्मा हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "बाबा, बसा. चष्म्यात शांत वाटले म्हणून तर मी हो म्हटलं."

अमरसिंह बसले. "मग बाई, आमच्यापास्नं चष्मा लपवलासा कशाला?"

"मी व्हय?" तानाबाईंनी पदर सावरला. "मी जीव तोडून सांगत हुते, बाबा, चष्मा लाव. ऐकतंय कुठं पोरगं!"

राजवर्धननं बोलायला तोंड उघडलं. पण आता त्याला आईचे वटारलेले डोळेही स्वच्छ दिसत होते. त्यानं पोह्यांची बशी उचलली आणि अमरसिंहांपुढं धरली.