सातव्या नंबरचं नाव

या, बसा, एक मजा सांगतो. ग्लासगोत तीस वर्षं व्हॅन चालवतोय मी, अन् एकही सामान चुकीच्या दारात टाकलं नाही! चुकलो तो एकदाच. तेच ऐका.

स्ट्रूअनच्या बँडचं सामान मीच नेतो. चार पोरं, गाणारा एकही नाही! शब्दच नाहीत. गिटारी, ड्रम, अन् एकानं तर वॉशिंग मशीनला माइक लावलेला! नव्या अल्बमात असल्या सात धुना, नंबर म्हणतात ते त्यांना. स्ट्रूअननं नावांचा कागद दिला.

"काका, कव्हर छापायला द्या. शनिवारी कार्यक्रम आहे."

खिशात माझ्या बायकोनं, सेनगानं दिलेला बाजाराच्या यादीचा कागद होताच. त्यातही सातच ओळी! चष्मा घरी. छापखान्यात दिला त्यातला एक.

दुपारी छापखान्यातल्या बाईचा फोन. "रॅब, ही नावं बरोबर आहेत ना? विचित्र वाटतात."

मी हसलो. "अगं, मागच्या अल्बमात 'डाव्या बुटाची मयत' होतं! यांचं असलंच असतं. आहे तसं छाप!"

"सातवंसुद्धा?"

"सातवं तर मोठ्या अक्षरात छाप!"

शनिवारी खोकी उघडली. स्ट्रूअन वाचायला लागला. "एक डझन अंडी. बटाटे, मऊ नकोत. मांजरीचं खाणं..."

मी खिसे चाचपायला लागलो!

"...आणि सातवं. रॅबच्या मूळव्याधीचं मलम."

तीस वर्षं सीटवर बसून मिळवलेली कमाई ती! दोस्तांपासून लपवलेली. पबमध्ये उभ्यानं पितो अन् सांगतो, गुडघ्याला बरं असतं म्हणून! आता पाचशे कव्हरांवर माझं नाव!

"मार्कर आण! एकेक खोडतो!"

"हात लावू नका!" स्ट्रूअन ओरडला. "काका, सातवा नंबर कसाय? हळूच टेकतो, मग कळ येते, शेवटी सगळे मिळून बोंबलतात! मला नावच सुचेना, मी 'निनावी' लिहिलं होतं!"

त्या रात्री अख्खा हॉल मलम मलम ओरडत होता. सेनगा शेजारीच. वाटलं, धीर देईल.

"ते राहू दे," म्हणाली. "अंडी कुठायत?"

अंडी कुठली! दुसरा कागद, स्ट्रूअनचा, दुकानात गेलेला. दुकानदार बिचारा अजून अर्धा किलो 'धुक्याची हाडं' शोधतोय!

येत्या शनिवारी तुम्ही येताय ना कार्यक्रमाला? सातव्याची फर्माईश जरूर करा. फक्त एक करा, ओरडून झाल्यावर मागं वळून मला "आता कसंय?" विचारू नका. पबातली सगळी मंडळी येणार आहेत, अन् मी त्यांना सांगितलंय, तो रॅब दुसरा!