आजीच्या पोटातली रिंग

सांगून ठेवतो, अख्ख्या आदिलाबादेत सीटी स्कॅनचा फोटो माझ्यासारखा कोणी धुऊन देत नाही! आमच्या सेंटरचं मशीन जुनंच. पण त्याच्या डिटेक्टरमधून जो कच्चा डेटा येते, तो साफ करायचा प्रोग्राम म्या, म्हणजे अमृतराव टेक्निशियननं, सोता लिहिला. गव्हातले खडे निवडावे तसा बिघाड निवडून फेकते!

त्या दिवशी बेला गावाहून उद्धवराव आपल्या आईला, बयनाबाईला, घेऊन आले. पोटात कळा, मुतखड्याचा संशय. संगं पोरगी पूनम, रडवेली. चार वाजता तिचा साखरपुडा, अन् जावयासाठी घेतलेली सोन्याची रिंग सकाळपासून गायब!

"आजी, अंगावर लोखंड-बिखंड नाही ना?"

"नाही रे बापा."

स्कॅन झाला. फोटोत मधोमध गोल! डिटेक्टरचा एक कप्पा बिघडला, की मशीन फिरताना त्याची चूक असा गोल काढते. त्याले आमी रिंग म्हणतो. म्या डॉक्टरसायबांना फोन लावला, "सायेब, आजीच्या पोटात रिंग दिसून राह्यली. फिकर नका करू, पाच मिनिटांत काढतो!"

दार उघडंच होतं, बाहेर सगळं ऐकू गेलं.

"माय! कणकीत पडली असन, अन् तू गिळली!" उद्धवराव ओरडले.

"मी काऊन गिळू रे, मेल्या?"

तेवढ्यात मी ऐटीत बाहेर. "काढली! नावनिशाण ठेवलं नाही!"

"मंग द्या ना!"

"काय?"

"रिंग!"

"ते पुसली हो!"

"सोनं पुसलं?" उद्धवराव माझे खिसेच चाचपू लागले! पूनम हात जोडून म्हणे, "भाऊ, वांकिडीहून पावणे निघाले. द्या ना!"

माझं डोस्कंच फिरलं. तिघांनाही कॉम्प्युटरसमोर उभं केलं. "हा कच्चा फोटो. मधातला फिकट गोल मशीनचा. आता प्रोग्राम लावला. गेला?"

"गेला," पूनम म्हणाली. "पण कमरेजवळची ते लहान, चकचकीत, तेही गेली. ते कोणती?"

बयनाबाईचा हात कमरेला गेला. चंची निघाली. तिच्यातून सुपारी, कात, अन् रिंग!

"हरपन म्हणून मीच ठेवली होती. कळा आल्या अन् इसरली!"

"आजी, सांगायचं ना!"

"तू लोखंड इचारलं. सोनं कुटं इचारलं?"

साखरपुडा वेळेवर झाला. मलेही पेढे आले. पहिला पेढा तोंडात टाकला, तर डॉक्टरसायबांचा फोन, "अमृतराव, कच्च्या फोटोत मुतखडा हाये. धुतलेल्यात कुठं गेला?"

आता काय सांगू? खडे निवडून फेकते, हे मीच तर बोललो होतो!