बापूंची चिमूट

आमच्या कारखान्यातल्या बापूंना नमस्कार केला, तर ते तुमच्या तोंडाकडे बघत नसत. आधी तुमची बाही चिमटीत धरत, दोनदा चोळत आणि मोठ्यानं जाहीर करत, "मशीनचं हाय की पावणं!" माझ्या लग्नात सासऱ्यांचा नवा कोट त्यांनी भर मांडवात असाच चाचपला. सासरे अजून विचारतात, "ते खिसेकापू तुमच्याकडचेच का?"

काय सांगायचं! पण आमचा कारखाना चालायचा तो याच चिमटीवर. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही विलायतेला जाणारे सदरे शिवायचो. हातमागाच्या कापडाला तिकडं ड्युटी माफ, यंत्रमागाच्या कापडाला पुरेपूर ड्युटी. म्हणून माल बोटीवर चढण्याआधी कापड हातमागाचंच असल्याचा सरकारी साहेबांचा दाखला लागायचा. मी टाइपरायटर बडवायचो, बापू तागे चाचपायचे. काही शंका काढली की एकच उत्तर, "बोटांस्नी इचार."

एकदा नवे साहेब आले आणि त्यांनी चाळीस तागे बाजूला काढले. "वीण फार एकसारखी आहे. हे यंत्रमागाचं. दाखला मिळणार नाही."

मालकांचा चेहराच उतरला. दाखला नाही म्हणजे ड्युटी, ड्युटी लागली की गिऱ्हाईक पळालं, आणि ते तागे विणणाऱ्याचा माग बंद.

बापू ताडकन उठले. "साहेब, ह्ये माझ्या दादाचं कापड हाय!"

आम्ही गारच. बापूंना भाऊ आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. घरचा माग सोडून बापूंनी कोल्हापुरात नोकरी धरली, तेव्हा थोरल्यानं बजावलं होतं, "पुन्हा ह्या घराचा उंबरा चढू नगंस." त्याला बारा वर्षं झाली होती. दादाचं कापड दलालामार्फत आमच्याकडं यायचं, आणि हा माणूस चकार शब्द न काढता त्यावरून हात फिरवत बसायचा.

"माग दाबताना त्याचा डावा पाय आखडतोय, साहेब. वितीवितीला वीण जरा घट्ट हुतीया. थंडीत जास्तच दुखतंय त्याला, मला कळतंय की."

"पुरावा काय?"

बापूंनी पायात चपला सरकवल्या. "घरी चला. डोळ्यानं बघा."

मालकांची जीप हुपरीच्या पुढच्या एका गावात थांबली. बापू उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले. आतून आवाज आला, "कोण हाय?"

"मी, बापू. दादा, साहेबास्नी माग बघायचाय. तेवढं इणून दाव. मी भाईरच थांबतो."

दादांनी माग चालवला. साहेबांनी सोबत आणलेला तागा नव्या विणीशी लावून पाहिला, वितीवितीला तीच घट्ट वीण दिसली, पुन्हा पाहिला, आणि तिथंच दाखल्यावर सही केली. मला तर उडी मारावीशी वाटली.

"चला बापू, जीप निघाली," मी हाक मारली.

तेवढ्यात माग न थांबवता दादा म्हणाले, "बाप्या, सुताच्या कांड्या संपल्यात. भरायच्या कुणी, तुझ्या साहेबानं?"

बापूंनी चपला काढल्या. आत जाऊन ते चरख्याशी बसले आणि कांडीवर सूत भरू लागले. डोळे गळत होते, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"तुमी व्हा फुडं," ते मला म्हणाले. "मला येळ लागंल."