गढूळ पाण्यातला गुन्हेगार

"गुन्हेगाराने नुसता श्वास सोडला तरी मला त्याचं अख्खं घराणं कळतं. जग ज्याला योगायोग म्हणतं, त्याला मी पुरावा म्हणतो. आजवर एकही गुन्हेगार माझ्या तावडीतून सुटलेला नाही."

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. सुटायला आधी सापडावं लागतं आणि आमच्या भाऊजींना आजवर एकही सापडलेला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पोटासाठी ते चष्म्याच्या दुकानात काचा पुसतात आणि हौसेसाठी गुप्तहेर आहेत. सुट्टी मिळाली की ताईला घेऊन माझ्याकडे येतात आणि मला न विचारता मला सहायक नेमतात. पगार नाही, रजा नाही, वर त्यांचा चहाही मीच करायचा.

मी पाणीशुद्धी केंद्रावर नोकरीला आहे. नदीचं पाणी आत घ्यायचं, स्वच्छ करायचं आणि नळांना सोडायचं. राहायला केंद्राच्या आवारातच घर आहे. काल संध्याकाळी भाऊजी आले, केंद्रभर हिंडले, प्रत्येक यंत्राकडे संशयाने बघून जेवायला बसले. आणि आज सकाळी उठून बघतो तर काय, टाकीतलं पाणी मातकट!

माझी तर पाचावर धारण बसली. स्वच्छ पाण्याचा साठा जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होता. त्यानंतर एक तर नळ कोरडे, नाहीतर नळाला चिखल. त्यात नेमके आजच संध्याकाळी मोठे साहेब पाहणीला येणार होते. पाणी असंच राहिलं तर माझी बदली ठरलेली, आणि नोकरीबरोबर हे घरही जाणार.

"मी येतो आणि त्याच रात्री गुन्हा घडतो," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "मेहुणेबुवा, याचा अर्थ काय?"

"तुम्ही येऊ नये असा," माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ताई समोर होती.

"पाणी साफ कशाने करता?" त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"तुरटीने. पाण्यातले मातीचे कण फार बारीक असतात. वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे एकमेकांपासून लांब पळतात, म्हणून तरंगत राहतात. तुरटी त्यांचा समेट घडवते. मग ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, जड होऊन तळाशी बसतात. वरचं पाणी नितळ. अशा पदार्थाला पुस्तकात किलाटक म्हणतात."

"किलाटक," भाऊजींनी डोळे बारीक केले. "नावावरूनच सराईत वाटतो. उघड आहे, कोणीतरी तुरटी पळवून त्या जागी साखर ठेवली आहे."

मी नाही नाही म्हणेपर्यंत त्यांनी गोदामातला तुरटीचा सुपारीएवढा खडा तोंडात टाकला. पुढची काही मिनिटं फार शांततेत गेली. त्यांचे ओठ शिंप्याने टीप मारावी तसे चिमटून बसले होते. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी हवेत बोटाने 'तुरटीच आहे' असं लिहून दाखवलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना पाणीही जरा सावकाशच दिलं.

तरी खात्री करायला म्हणून मी काचेच्या भांड्यात नदीचं पाणी घेतलं, तुरटीचं पाणी घातलं आणि पळीने हळूहळू ढवळत बसलो. बघता बघता पुंजके धरले आणि खाली बसले. म्हणजे तुरटी चांगली होती.

"आणा इकडे," म्हणत भाऊजींनी दुसरं भांडं ओढलं, त्यातही नदीचं पाणी आणि तुरटीचं पाणी ओतलं आणि अंगात आल्यासारखं ढवळायला लागले. त्यांचं पाणी होतं तसंच गढूळ राहिलं.

"बघा! तीच तुरटी, तेच पाणी, आणि निकाल वेगळा! गुन्हेगार या खोलीत आहे."

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्याकडे असं काही रोखून बघितलं की क्षणभर मलाच माझा संशय आला. खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण बदलीच्या भीतीने माझं डोकं चालतच नव्हतं.

पुढचा संशयित, फाटकासमोरचा न्हावी. पुरावा असा की, त्याच्याकडे मुठीएवढी तुरटी आहे.

"अहो, प्रत्येक न्हाव्याकडे असते. वस्तरा लागला की फिरवतो तो. रक्त थांबतं."

"म्हणजे टोळी आहे," भाऊजी म्हणाले आणि गिऱ्हाईक बनून खुर्चीत जाऊन बसले. तोंडाला फेस, गळ्याशी वस्तरा, अशा अवस्थेत ते एकदम उसळून ओरडले, "ही तुरटी कुठून आणलीस, बोल!"

न्हावी दचकला आणि हनुवटी कापली. बिचाऱ्याने तुरटी फिरवली, पुन्हा फिरवली, पण रक्त काही थांबेना.

"एरवी लगेच साकळतं हो," तो रडवेला झाला. "साहेबांचं रक्तच हट्टी दिसतंय."

हट्टी नव्हतं, पातळ होतं. भाऊजींना हृदयासाठी रक्त न गोठू देणारी गोळी चालू आहे. आतून गोळी म्हणते गोठू नकोस, बाहेरून तुरटी म्हणते गोठ, आणि दोघांच्या भांडणात मधल्या मधे हनुवटी. शेवटी कापूस घट्ट दाबून धरला तेव्हा कुठे थांबलं.

आम्ही परत आलो तर ताई दारातच उभी.

"हे काय हनुवटीला?"

"शत्रूने वार केला," भाऊजी म्हणाले.

"न्हाव्याने," मी म्हणालो.

"बरं. आणि सकाळची गोळी घेतली का? डबी तुमच्या त्या पिशवीत आहे. मी घरभर शोधलं, पिशवी कुठेच नाही."

"चोरी!" भाऊजींचा चेहरा उजळला. "दुसरा गुन्हा! माझं भिंग तेवढं खिशात होतं म्हणून वाचलं."

ताईने एक सुस्कारा सोडला. लग्न झाल्यापासून ती हा सुस्कारा सोडते आहे, आता तो चांगला मुरलाय.

"काल आल्या आल्या कुठे गेला होतात?"

"सगळीकडे. शेवटी मोटारीच्या खोलीत."

ती सरळ तिकडे गेली. आम्ही मागोमाग. त्या खोलीचं दार सदा उघडं असतं आणि दारामागे कोणी बघत नाही, मी तर नाहीच नाही. ताईने दार ओढलं. मागे भिंतीवरच्या लोखंडी दांड्याला पिशवी लटकत होती. आत गोळ्यांची डबी, विजेरी, किल्ली हरवलेल्या बेड्या आणि एक वीट. वीट कशासाठी ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

"सुरक्षित जागा बघून ठेवली होती," भाऊजी म्हणाले.

"हा दांडा कसला रे?" ताईने मला विचारलं. "पार खाली वाकलाय."

टाकीत तुरटी मिसळल्यावर पाणी हळूहळू ढवळणारी मोठी वल्ही आहेत. हा त्यांच्या वेगाचा दांडा. मी नोकरीला लागल्यापासून तो हललेला नव्हता, म्हणून सकाळपासून मी सगळं तपासलं आणि हाच सोडला. विटेच्या वजनाने वल्ही रात्रभर गरागरा फिरत होती. पाण्याखाली असल्याने दिसत नव्हती, आणि पंपांच्या घरघरीत ऐकूही येत नव्हती.

"म्हणजे पुंजके धरतायत आणि ही वल्ही ते फोडतायत?" ताई म्हणाली. "अरे, विरजण लावलेल्या भांड्यात कोणी रवी घुसळतं का?"

मी कपाळाला हात लावला. पिशवी काढली, दांडा जागेवर नेला, वल्ही मंदावली. दुपारभर मी टाकीच्या कठड्यावरून हललो नाही. पुंजके दिसायला लागले, खाली बसायला लागले, आणि ऊन उतरता उतरता तळाची पायरी दिसली. खरं सांगतो, मला रडूच फुटलं.

साहेब आले तेव्हा पाणी लख्ख होतं. पण सकाळी टाकी गढूळ होती ही बातमी त्यांच्या कानावर गेलीच होती. "टाकी गढूळ झाली कशी?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं. "जबाबदार कोण?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात भाऊजी पुढे झाले. हनुवटीला कापूस, हातात भिंग, छाती पुढे.

"साहेब, गुन्हेगार आपल्यासमोर उभा आहे. मी! माझी पिशवी, माझी वीट, माझा मूर्खपणा. वेगाचा दांडा मीच वाकवला. या पोराचा काही दोष नाही. मला घेऊन चला."

मी थक्क झालो. एवढा मोठा आणि एवढा बरोबर निष्कर्ष त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता.

साहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खो खो हसत सुटले. "काय अवली माणूस आहे हो! मेहुण्यासाठी म्हणून काय काय रचेल!" त्यांनी पेला भरून पाणी प्यायलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि निघूनही गेले.

भाऊजी पडलेल्या चेहऱ्याने त्यांच्या गाडीकडे बघत राहिले.

"आयुष्यात पहिल्यांदा खरा गुन्हेगार पकडला," ते म्हणाले, "आणि कोणी विश्वासच ठेवत नाही."

"मी ठेवते ना," ताईने त्यांचा हात धरला. "मला तर लग्नापासूनच संशय होता."