गर्दी ओसरेपर्यंत

दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला निमकर आमच्या दाराबाहेर दोन्ही हात वर करून उभे राहतात आणि मी त्यांची झडती घेते.

हसू नका. मी एका बँकेच्या आयटीत आहे, बावीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, आणि पुण्यातली माझी आई शेजारणींना सांगत असते की आमची स्मिता सिंगापुरात मोठ्या हुद्द्यावर आहे. ती मोठ्या हुद्द्यावरची स्मिता चोआ चू कांगमधल्या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावर, भर कॉरिडॉरमध्ये, अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांची पिशवी उघडून चकल्यांच्या डब्याखाली काही लपवलंय का ते तपासते. पिशवीतला ऐवज ठरलेला. चकल्या, लोकरी मफलर आणि पाण्याची बाटली. त्या बाटलीचं झाकण मी काढून घ्यायचं. झाकण लावलेली भरली बाटली कोणी मैदानात भिरकावली तर खेळाडूचं डोकं फुटेल, म्हणून युरोपात दारावरच झाकणं काढून घेतात म्हणे. "पद्धत आहे ती," निमकर सांगतात. झाकण परत मागायची पद्धत नाही. माझ्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये निळ्या झाकणांचा ढीग साठलाय आणि तो टाकायचं माझ्या जिवावर येतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटींनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दिस वन थीफ आह?" मी म्हटलं, नाही हो, फुटबॉल. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. तेव्हापासून झडतीच्या वेळी त्या दारात खुर्ची टाकून बसतात.

निमकर आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहतात. तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. लग्न केलेलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा भोचकपणे विचारलं होतं, तर म्हणाले, "राहून गेलं." छत्री बसमध्ये राहून जाते ना, तसं म्हणाले. तरुणपणी बोटीवर असताना त्यांची बोट उत्तर युरोपातल्या कुठल्याशा बंदरात चार महिने नादुरुस्त होऊन पडली होती. तिथल्या फुटबॉल क्लबाचा नाद त्यांना जो लागला तो लागलाच. क्लबाचं नाव मी सांगत नाही, कारण मला ते आजतागायत धड उच्चारता आलेलं नाही.

एवढं कळतं की हा क्लब घरच्या मैदानावर बऱ्यापैकी जिंकतो आणि बाहेरगावी हमखास हरतो. आणि निमकर बघतात फक्त बाहेरगावच्या मॅचेस. वर्षाची सगळी रजा साठवून, सिंगापुराहून तेरा-चौदा तास उडून, कधी पोर्टोला, कधी क्राकोवला, कधी नकाशात भिंग घेऊन शोधावं अशा गावी जाऊन ते आपल्या क्लबाला हरताना बघून यायचे. त्या क्लबाच्या स्वतःच्या गावी ते पुन्हा कधी फिरकले नाहीत. मी म्हटलं, अहो, एकदा घरी जाऊन जिंकताना बघा की. तर म्हणाले, "घरच्या मैदानावर कोणीही येतं. बाहेरगावी जो येतो तो आपला."

एकदा पोलंडमध्ये, बर्फात, शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांच्या हातात गरमागरम सॉसेज ठेवलं. निमकर पक्के शाकाहारी. पण प्रेमाने दिलेलं टाकायचं कसं, म्हणून अख्खा उत्तरार्ध ते सॉसेज मेणबत्तीसारखं हातात धरून उभे राहिले. हा माणूस खात का नाही, एक पुरत नसेल, असं वाटून म्हाताऱ्याने दुसरं आणून दुसऱ्या हातात दिलं. त्यामुळे निमकरांना टाळ्याही वाजवता आल्या नाहीत. ही गोष्ट त्यांनी मला सहा वेळा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी त्या म्हाताऱ्याच्या आठवणीने त्यांचा चेहरा उजळतो.

मग एका विमानप्रवासानंतर त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली. डॉक्टरांनी लांबचे प्रवास बंद केले. दुसरा कोणी असता तर टीव्हीवर मॅच बघत घरी गप्प बसला असता. निमकरांची अडचण अशी, की बाहेरगावची मॅच स्वतःच्या घरी बघितली तर ती बाहेरगावची राहते कशी? त्याला दुसऱ्याचं घर पाहिजे.

असं आमचं घर युरोप झालं.

मॅचेस आमच्या झोपेच्या वेळी होऊन जातात. निमकर त्या रेकॉर्ड करतात आणि शनिवार संध्याकाळपर्यंत निकाल कळू नये म्हणून पेपर, फोन आणि ऑफिसातले दोन फुटबॉलवेडे फिलिपिनो यांच्यापासून तोंड लपवून हिंडतात. आता नवव्या मजल्यावरून अकराव्यावर यायला लिफ्टने किती वेळ लागतो? पण त्याला प्रवास म्हणत नाहीत. म्हणून ते दुपारीच निघतात. मॅच जवळच्या गावी असेल तर एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जुराँग ईस्टपर्यंत जाऊन परत. पोलंड वगैरे असेल तर गाडी बदलून थेट पासिर रिसचं टोक गाठून परत. गाडीत खायला बंदी, म्हणून मध्येच एखाद्या स्टेशनबाहेर बाकावर बसून शिदोरी सोडायची. एवढं करून घामाघूम होऊन, गळ्यात लोकरी मफलर घालून ते दोन मजले वर पोचतात. विषुववृत्तावर लोकर घालून मानेला घामोळं झालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आत आल्यावर त्यांना खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसवायचं. पाहुण्या प्रेक्षकांना वेगळं ठेवतात, मध्ये कुंपण असतं. कुंपण म्हणून आमचा कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा लावतो. मंदारचे शर्ट आणि माझे पंजाबी ड्रेस यांच्या फटीतून निमकर मॅच बघतात. मंदार म्हणजे माझा नवरा. आम्ही यजमान प्रेक्षक, त्यामुळे आम्ही त्यांना हिडीसफिडीस करणं अपेक्षित आहे. मंदारला ते जमत नाही. तो कोल्हापूरचा असून इतका गरीब कसा निपजला देव जाणे. त्याची सगळ्यात जहाल शिवी म्हणजे "अहो, असं काय करता!" आमची इरा मात्र शाळेत शिकून आलेली आहे. ती पाय आपटत "रेफ्री कायू!" ओरडते. कायू म्हणजे मलायमध्ये लाकूड, ओंडका. ती ओरडली की निमकर कपड्यांआडून खूश होऊन म्हणतात, "वा, आता वातावरण आलं."

आणि मॅच संपली की निमकर निघत नाहीत. पद्धत आहे. यजमानांची गर्दी पांगेपर्यंत, मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून, पाहुण्या प्रेक्षकांना आतच अडवून ठेवतात. वीस मिनिटं. बरं, यजमान कोण, तर आम्ही. आम्ही पांगणार कुठे? आम्ही इथेच राहतो. तरी वीस मिनिटं निमकर कोपऱ्यात मांडीवर डबा घेऊन बसतात. मग मंदारने पोलिसाच्या थाटात दार उघडायचं, कॉरिडॉरमध्ये डावी-उजवीकडे बघायचं आणि म्हणायचं, "गेली गर्दी." कॉरिडॉरमध्ये आंटी आणि त्यांची मांजर याखेरीज कोणी नसतं. मग निमकर आभार मानून दोन मजले खाली जातात.

आमच्याआधी याच ब्लॉकमधली दोन मराठी घरं होती. एकांनी लहान बाळाचं कारण सांगितलं, दुसऱ्यांनी कारणही सांगितलं नाही, नुसती बेल वाजली की टीव्ही बंद करायचे. आमचं घर हे त्यांचं शेवटचं मैदान. हे मला माहीत होतं. आणि तरीही यंदा मार्चमध्ये मी ठरवलं, की बस झालं.

कारण इरा सहावीला आली. इथे सहावीला पीएसएलई नावाची परीक्षा असते आणि तिच्यावर पुढची शाळा ठरते. त्या वर्षी घराघरांत सुतक असल्यासारखं वातावरण असतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, शनिवारी गणिताची ट्यूशन. आमच्याकडे मात्र शनिवारी क्राकोव. मी मंदारला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, मी कसं सांगू. म्हणजे नेहमीप्रमाणे माझ्यावरच आलं.

त्या शनिवारी मी झडती घेतली, झाकण काढलं आणि मनाशी म्हटलं, हे शेवटचं. मॅच संपली की सांगून टाकायचं. निमकर आल्यापासून मंदार अपराध्यासारखा बसला होता. निमकरांना वाटलं, याला निकाल माहीत आहे, म्हणून त्यांनी त्याला तोंड फिरवून बसायला लावलं.

साठाव्या मिनिटाला आक्रीत घडलं. निमकरांच्या क्लबाने गोल केला. बाहेरगावी, पहिला. निमकर ताडकन उठले. दोन्ही हात पसरून डावीकडे वळले. डावीकडे भिंत होती. तसेच उजवीकडे वळले. उजवीकडे स्टँड. ते पसरलेले हात घेऊन क्षणभर उभे राहिले, मग त्यांनी मंदारच्या ओल्या शर्टाची बाही धरली, दोनदा जोरात हलवली आणि खाली बसले. इरा खो खो हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर शिरस्त्याप्रमाणे तीन गोल खाऊन क्लब हरला. इरा अभ्यासाला आत गेली. वीस मिनिटं सुरू झाली. मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं. इराची परीक्षा आहे, शनिवारी ट्यूशन लावली आहे, ऑक्टोबरपर्यंत काही जमायचं नाही, नंतर बघू. नंतर बघू म्हणताना मला ठाऊक होतं की नंतर काही बघणार नाहीये. बहुधा त्यांनाही ठाऊक होतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "परीक्षा म्हणजे परीक्षा. मीच समजून घ्यायला हवं होतं." आणि मफलरची घडी घालू लागले.

मला वाटलं होतं ते गळ घालतील, मग मी ठाम राहीन. माणूस लगेच हो म्हणाला की फार पंचाईत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की काका, घरात बसून आरामात दिसते मॅच, हा एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

निमकर डब्याकडे बघत बोलले.

"मॅच टीव्हीवरच चांगली दिसते गं. तिथे पाहुण्यांना कोपऱ्यात कोंबतात, समोर खांब येतो. अर्धे गोल मला दिसलेलेही नाहीत. मी त्या वीस मिनिटांसाठी जायचो."

त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबून घट्ट केलं.

"दारं बंद असतात ना. कोणाला कुठे जाताच येत नाही. मग माणसं बोलतात. कुठून आलास, काय करतोस, डब्यात काय आहे. त्या म्हाताऱ्याने मला त्याच्या मुलांचे, नातवंडांचे सगळे फोटो दाखवले. भाषा येत नव्हती, तरी सगळे. मी कंटाळवाणा माणूस आहे, मला कल्पना आहे. एरवी माझ्याशी बोलताना प्रत्येकाचा एक हात दाराच्या लॅचवर असतो. तिथे वीस मिनिटं कोणाचा नसायचा. आणि गोल झाला तर शेजारचा मिठी मारतो, नावसुद्धा न विचारता."

मी दाराशी उभी होते. माझा हात लॅचवर होता. तो मी तिथे कधी ठेवला, मलाच कळलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली, की तो हात काढून कुठे ठेवावा हेही सुचेना. शेवटी ओढणीला पुसला. दोन वर्षं या माणसाची झडती घेतेय आणि या वीस मिनिटांत मी कधी त्यांच्याशेजारी बसले नव्हते. मी भांडी आवरायचे, मंदार फोन बघायचा, आणि ते कपड्यांमागे बसून वेळ संपायची वाट बघायचे.

निमकरांनी घड्याळ पाहिलं आणि उठले. "झाली वीस मिनिटं. मंदार, बघतोस का जरा, गेली का गर्दी?"

मंदारने दार उघडलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आंटी खुर्ची आत घेत होत्या. तो वळून माझ्याकडे बघत राहिला. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाही गेली," मी म्हटलं. "बसा."

"नाही गेली?" निमकर गोंधळले. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. लिफ्टपर्यंत रांग आहे. जेवायची वेळ होईल बहुतेक."

मी कपड्यांचा स्टँड उचलून बाल्कनीत नेऊन ठेवला. निमकर कोपऱ्यात एकदम उघडे पडले, मांडीवर चकल्यांचा डबा आणि हातात मफलर. "अगं, अजून कुंपण काढायचं नसतं," ते म्हणाले. "अशी पद्धत नाही."

"आमच्या मैदानावर आहे," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "डब्यात काय आहे?"

त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. तरी त्यांनी डबा उघडला आणि नीट, अगदी पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, की चकल्या आहेत, भाजणी नागपूरहून बहीण पाठवते, यंदा जरा तिखट झालीय. बहीण आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मग बहिणीच्या मुलींचे फोटो निघाले. आतून इरा गणित सोडून आली आणि दोन चकल्या घेऊन तिथेच बसली, आणि मी तिला आत जा म्हटलं नाही. मंदारने दार लावून घेतलं आणि कुकरमध्ये एक वाटी तांदूळ जास्त टाकला.