दत्ताभाऊंचा जुना डिस्को

आमच्या बिल्डिंगमधले दत्ताभाऊ चव्हाण पांढरे बूट घातल्याशिवाय गाणं ऐकत नाहीत. रिक्षावाल्यानं गाणं लावलं की मागून सांगतात, "भाई, बंद करो. चप्पल में हूँ." घरी टीव्हीवर जुनं गाणं लागलं तर मालतीवहिनी आधी बूट त्यांच्यापुढे टाकतात आणि मग आवाज वाढवतात.

माणूस मूळचा रत्नागिरीकडचा. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात जन्मभर भांड्यांना पॉलिश केलं, पण ओळख विचारा, "मी डिस्कोवाला" असंच सांगतील. ऐंशीच्या दशकात डिस्कोची लाट आली तेव्हा गणपतीच्या मंडपांतून दत्ताभाऊ आणि भाईंदरजवळच्याच पाली गावचा विल्सन ही जोडी नाचायची. दोघांचे हातपाय अगदी एका मापात. "डिस्कोत शिस्त पाहिजे" हे भाऊंचं तेव्हापासूनचं ब्रीद. दुसऱ्याची चुकलेली स्टेप ते भरली वरात थांबवून दाखवतात. स्वतःची कधी चुकलीच नाही, असं त्यांचं स्वच्छ मत आहे.

दोन हजार सालानंतर कारखाना सुटला आणि त्यांनी 'जुना डिस्को' सुरू केला. लग्नाचा हॉल, मंडपवाल्याचे काळे पडदे आणि वेळ दुपारी चार. रात्री ठेवला तर पालीकडची बस चुकते आणि बीपीच्या गोळीनं निम्म्या नर्तकांना झोप येते. छताला फिरता गोळा हवा म्हणून भाऊंनी घरातली घागर उचलली आणि तिला स्टीलचे चकचकीत तुकडे चिकटवून टांगली. "आता पाणी कशात भरू?" वहिनींनी विचारलं. "बादली आहे ना," भाऊ म्हणाले.

पंचेचाळिशीच्या आत प्रवेश नाही. माझ्या मेहुण्याला त्यांनी दारातच आपादमस्तक न्याहाळलं आणि "अजून कच्चे आहात" म्हणून परत पाठवलं. ऑफिसातले दादरकर भाईंदरला हसायचे, तेव्हा मी त्यांना आमच्या डिस्कोची हकीकत छाती फुगवून सांगायचो. असला डिस्को त्यांच्याकडे कुठे होता?

पण हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी होता, तो विल्सनच येत नव्हता. झटका येऊन त्याची डावी बाजू लुळी पडली होती. हळूहळू चालायचा, पण घराबाहेर पडायचा नाही. भाऊ दर रविवारी पालीला जायचे. एकदा मीही सोबत होतो. "माजा हात चालत न्हाय, दत्ता. लोक हासतील," विल्सन म्हणाला. "नाचू नकोस. नुसता येऊन बस," भाऊ म्हणाले. शेवटी त्यानं होकारार्थी मान हलवली.

पुढच्या डिस्कोला विल्सन खरंच आला आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला. गाणं सुरू झालं. भाऊ मधोमध आले, डावा हात पँटच्या खिशात घातला आणि एकाच हातानं नाचू लागले.

लोक बघतच राहिले. मग कापडवाले शहाभाई म्हणाले, "अरे, ये तो अपने टाइम का स्टाइल है." त्यांनीही हात खिशात घातला. आपल्याला ही स्टाइल आठवत नाही, असं कबूल करायला कोणीच तयार नव्हतं. बघता बघता हॉलभर डावे हात खिशांत गेले. बायकांनी ते पदरात गुंडाळले. मालतीवहिनींनी तर "पूर्वी असंच नाचायचे" म्हणून शेजारणीला शिकवायलाही घेतलं.

माझाही हात खिशात होता. भाऊ फिरत फिरत जवळ आले तेव्हा मी विचारलं, "हात दुखतोय का?"

"जोडीत एकाचा हात थांबला की दुसऱ्यानं पण थांबवायचा," ते हळूच म्हणाले. "शिस्त आहे."

खुर्चीतला विल्सन सगळा हॉल निरखत होता. थोड्या वेळानं तो उठला. भाऊ लगबगीनं जाऊन त्याच्या डाव्या बाजूला खांद्याला खांदा लावून उभे राहिले. विल्सननं उजवा हात वर केला आणि दोघं जागच्या जागी डोलू लागले.

मध्येच विल्सन थांबला. कपाळाला आठ्या घालून त्यानं भाऊंच्या बुटांकडे बघितलं.

"दत्ता, तुजा पाय चुकला."

आमच्या दत्ताभाऊंनी सगळ्या हॉलसमोर मान डोलावली. "चुकला रे," ते म्हणाले. "परत दाखव."